रेशमाचा किडा कोष कां करीत नाहीं?

गेल्या भाद्रपदांत आमच्या वसमत तालुक्यांतील शेतावर रेशमाच्या किड्यांची एक तुकडी पोसली होती. अंडीपुंज दीडशें, जात पांढऱ्या कोषाची दुबार संकरित, तुती दोन एकर, पाणी पूर्णेच्या कालव्याचें. चारही काती बिनधोक पार पडल्या. पांचव्या अवस्थेंत किडे असे कांहीं भरले कीं, शेजारपाजारचे लोक मुद्दाम पाहावयास आले. सातव्या दिवशीं चंद्रिका धुऊन, उन्हांत वाळवून तयार ठेविल्या. आठवा दिवस गेला, नववा गेला, आणि किडे पाला खातच राहिले. दहाव्या दिवशीं पाला तोडणाऱ्या बायांनीं विचारलें, "दादा, ह्यांचें पोट भरतें तरी कधीं?" बाराव्या दिवशीं तुती संपली. किडे बोटाएवढे जाड झालेले. पिकलेल्या किड्याचें अंग जसें पिवळसर पारदर्शक दिसतें तसें न दिसतां पांढरें फटक. आणि मान वर करून धाग्याला जागा शोधण्याची हालचाल कोणाचीच नाहीं. शेवटीं दीडशें अंडीपुंजांचे मिळून अकरा किलो कोष हातीं आले. उरलेले किडे तसेच मेले आणि खड्डा खणून पुरावे लागले.

प्रथम आम्हांस रोगाचा संशय आला. ग्रासरी म्हणावी, तर तींत अंगाच्या वळ्या सुजतात, कातडी तकाकते आणि जरा टोंचलें कीं दुधासारखा द्रव गळतो. यांतलें एकही लक्षण नव्हतें. फ्लॅचरी म्हणावी, तर किडा मऊ पडून काळवंडतो व घाण सुटते; तेंही नव्हतें. मस्कर्डाइनमध्यें किडा मेल्यावर खडूसारखा कडक होतो. येथें तो मरतच नव्हता. उष्मा फार झाला किंवा घरांतील हवा कोंडली, तरीही कोष बिघडतात, परंतु अशा वेळीं निम्मे-पाव किडे तरी पिकतात. येथें सगळी तुकडी एका हुकमानें थांबविल्यासारखी थांबली होती. हुकूम हा शब्द आम्हीं सहज लिहिला, परंतु पुढें जें सांगावयाचें आहे तें सारें त्या एका शब्दाभोंवतींच फिरतें.

तुतीच्या पूर्वेस बांधापलीकडे आमच्या चुलतबंधूंची कपाशी आहे. पांढरी माशी फार झाली म्हणून त्यांनीं किड्यांच्या पांचव्या अवस्थेच्या तिसऱ्या दिवशीं फवारणी केली. पंप आमचाच नेला होता, आणि तो आम्हींच भरून दिला होता. वारा त्या दिवशीं पूर्वेचा होता. पुढें कोष न झाल्यावर बांधावर जें बोलणें झालें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. बंधूंचें म्हणणें असें कीं, औषधानें किडा मरावयाचा तर दुसऱ्या दिवशीं मेला असता. हा बारा दिवस खाऊन माजला, मग औषधाचा काय दोष? वरवर पाहतां हा युक्तिवाद बिनतोड होता. त्यांनीं रिकामी बाटली आणून आमच्यापुढें ठेविली. तिच्यावर पायरीप्रॉक्सीफेन असें नांव होतें. त्या नांवाचा अर्थ लावावयास बसलों, तेव्हां किड्याच्या शरीराच्या आंतला जो कारभार समजला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें. कारण आपल्या जिल्ह्यांत तुतीच्या बांधाला लागून कपाशी, सोयाबीन किंवा तूर नाहीं असें शेत विरळा.

रेशीम हा आपल्या काळ्या जमिनींतला अलीकडचा पाहुणा होय. राज्याचें रेशीम संचालनालय १९९७ सालीं नागपुरास वेगळें झालें. पुढें कित्येक वर्षें मराठवाड्यांतील शेतकऱ्यांस कोषांचीं पोतीं घेऊन कर्नाटकांत रामनगरपर्यंत जावें लागे. जालन्यास कोषांची बाजारपेठ २०१८ सालीं उघडली, तेव्हांपासून गाडीभाडें व रात्रीचें जागरण दोन्हीं वांचलीं. परभणीच्या कृषी विद्यापीठांत रेशमाचें संशोधनही चालतें. हळदीस नऊ महिने थांबावें लागतें, रेशीम महिन्याच्या आंत पैसा दाखवितें, म्हणून लोक तिकडे वळले. पण हळदीच्या शेजाऱ्यानें काय फवारलें याची हळदीस फिकीर नसते, रेशमास असते. ही गोष्ट नव्यानें शिकावी लागत आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. अंड्यांतून निघालेला किडा मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही हलका असतो आणि कोषास बसतांना चार-पांच ग्रॅमचा होतो, म्हणजे पंचवीस-सव्वीस दिवसांत सुमारें दहा हजारपट वाढतो. त्याची कातडी मात्र आमच्या-तुमच्या कातडीसारखी वाढत नाहीं. ती आंगरख्यासारखी असते. तंग झाली कीं टाकावी लागते. ह्यासाठीं तो चार वेळां निजतो, खाणें सोडतो, जुन्याच्या खालीं नवी कातडी विणतो आणि मग जुनी फाडून बाहेर येतो. त्या वेळीं आपण पाला थांबवून चुना भुरभुरतों तो याचसाठीं. पांचव्या अवस्थेंत तो आयुष्यांतील एकंदर पाल्याच्या पांचांतील चार भागांहून अधिक पाला खातो, आणि मग पांचवी कात कोषाच्या आंत, पडद्याआड टाकतो. प्रश्न असा कीं, "आतां खाणें पुरे, आतां नीज" हें त्यास सांगतो कोण?

शंभर वर्षांपूर्वीं बहुतेक विद्वानांची समजूत अशी होती कीं, किड्यांत रक्तावाटे फिरणारे हुकूम नसतात. पोलंडांतील स्टीफन कोपेच नांवाच्या संशोधकानें एका पतंगाच्या अळ्यांचा मेंदू काढून पाहिला. शेवटच्या अवस्थेच्या आरंभीं मेंदू काढला, तर अळी जगे पण कोश कधींच होत नसे. कांहीं दिवस थांबून काढला, तर मेंदूवांचूनही ती नीट कोश होई. म्हणजे मेंदू एका ठराविक दिवशीं कांहीं द्रव्य रक्तांत सोडतो, आणि तें सुटल्यावर त्याचें काम संपतें. हा निबंध १९१७ सालीं व पुढें इंग्रजींत १९२२ सालीं प्रसिद्ध झाला, परंतु बराच काळ कोणी त्यास फारसें मनावर घेतलें नाहीं. इंग्लंडांत फ्रेंकेल यानें १९३५ सालीं माशीच्या अळीच्या मध्यावर दोरा आवळून बांधला. पुढचा अर्धा भाग कोश झाला, मागचा अळीच राहिला. दोऱ्यानें रक्त अडलें आणि रक्ताबरोबर हुकूमही अडला. मग १९४० सालीं जपानांतील फुकुदा यानें आपल्याच रेशमाच्या किड्यावर तेच बांधणें व कलम करणें करून दाखवून दिलें कीं, कातीचें द्रव्य छातीच्या पहिल्या वळ्यांतील एका लहानशा ग्रंथींतून निघतें. मेंदू हा मामलेदार, ही ग्रंथि तलाठी. मामलेदाराचा कागद आल्यावांचून तलाठी हालत नाहीं, आणि तलाठ्यानें दवंडी पिटल्यावांचून गांवास कांहीं कळत नाहीं.

तें द्रव्य हातीं धरण्यास मात्र पुढें चौदा वर्षें लागलीं. जर्मनींतील बुटेनांट व कार्लसन या दोघांनीं १९५४ सालीं रेशमाच्या किड्यांचे पांचशें किलो कोश गाळून त्यांतून पंचवीस मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. पांचशें किलोंतून चिमटीभरही नाहीं! आपल्या एखाद्या शेतकऱ्याचें वर्षभराचें उत्पन्न गाळून जो कण निघेल, तेवढ्यावर हजारों किड्यांची कात चालते. त्यास त्यांनीं एक्डायसोन असें नांव दिलें. त्याची घडण १९६५ सालीं उलगडली, तेव्हां तें स्टेरॉइड जातीचें ठरलें, म्हणजे माणसांत पुरुषत्व, स्त्रीत्व व गर्भधारणा ज्या अंतःस्रावांवर चालते त्यांच्याच भावकींतलें. दोहोंचा मूळपुरुष एकच, कोलेस्टेरॉल. फरक एवढाच कीं, माणूस तें स्वतःच्या यकृतांत तयार करूं शकतो, किडा करूं शकत नाहीं. त्यास तें अन्नांतूनच मिळावें लागतें. तुतीच्या पानांत कोलेस्टेरॉल नांवालाच असतें, पण त्याच्या सख्ख्या भावांसारखीं जीं वनस्पतिज द्रव्यें असतात तीं घेऊन किडा त्यांचें कोलेस्टेरॉल करतो. म्हणून पाला म्हणजे किड्याला केवळ पोट भरण्याचें साधन नव्हे. कातीच्या हुकमाची शाईही त्यांतूनच येते.

कोलेस्टेरॉलपासून एक्डायसोन एका उडीनें होत नाहीं. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं हळद होते, म्हणून तोच दाखला घेऊं. कंद खणावा, मोडून निवडावा, शिजवावा, वाळवावा, घोळावा, तेव्हां कोठें बाजारांत ढीग लावण्याजोगी हळद होते. एक माणूस गळाला तर पुढचें सगळें काम अडतें. काहिलीपाशीं कोणी नसेल तर घोळणारा रिकामाच बसतो. ग्रंथींतही असेच कामकरी ओळीनें बसलेले आहेत. ते एंझाइम जातीचे पदार्थ होत, आणि प्रत्येकाच्या घडणीचा आराखडा एकेका जनुकांत लिहिलेला असतो. जनुक बिघडलें कीं कामकरी जन्मास येत नाहीं, आणि ओळ तेथें तुटते.

हे आराखडे सांपडले ते रेशमाच्या किड्यांत नव्हे, तर पिकल्या केळ्यांभोंवतीं घोंघावणाऱ्या चिलटांत. जर्मनींत क्रिस्टिआने न्युस्लाइन-फोलहार्ड या बाईंनीं व एरिक वीशाउस यांनीं १९८० च्या सुमारास चिलटांचे हजारों बिघडलेले वंश तपासले. त्या कामाबद्दल त्यांस १९९५ सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें. त्यांत कांहीं वंशांचीं पिलें अंड्यांतच मरत, आणि कातडी नीट न विणली गेल्यामुळें सूक्ष्मदर्शकांतून भुतासारखीं धूसर दिसत. म्हणून त्या जनुकांस फँटम, शॅडो, स्पूक, श्राउड अशीं नांवें पडलीं. म्हणजे पिशाच, सावली, भूत, कफन. पाश्चात्यांत भुतांचा एक सण असतो, त्यावरून या सगळ्या घराण्यास हॅलोवीन जनुकें म्हणतात. हिंगोलीस हें काम झालें असतें तर मुंजा, झोटिंग, हडळ अशींच नांवें लागतीं. गंमत अशी कीं, तेव्हां हीं जनुकें काय करितात याचा कोणास पत्ता नव्हता. इसवी सन २००० पासून एकेकाचें काम उघडकीस आलें तेव्हां दिसलें कीं, भुतांची ही सारी पंगत एकाच काहिलीभोंवतीं बसलेली आहे. नेव्हरलँड हें जनुक कोलेस्टेरॉलला पहिला हात लावतें. मधल्या पायऱ्यांवर स्पूक, श्राउड वगैरे असतात. त्या भागास शास्त्रज्ञ अजून काळी पेटी म्हणतात, कारण तेथील सगळें रसायन उलगडलेलें नाहीं. मग फँटम, डिसएम्बॉडीड व शॅडो हीं तिघें एकामागून एक हात फिरवून एक्डायसोन तयार करितात. इतकें झाल्यावर ग्रंथि तें रक्तांत सोडते, पण तें अद्याप न घोळलेल्या हळदीसारखें असतें. शेवटचा हात शेड नांवाच्या जनुकाचा, आणि तो ग्रंथींत नव्हे तर चरबी, आंतडीं वगैरे ठिकाणीं फिरतो. तेथें जें पक्कें द्रव्य होतें, तेंच पेशींत शिरून कातीचा हुकूम बजावतें. हुकूम बजावण्याची रीतही मोठी चमत्कारिक आहे. तें द्रव्य पेशीच्या आंतील एका ग्राहकाशीं जुळतें आणि ती जोडी थेट जनुकांवर जाऊन बसून कांहीं उघडते, कांहीं मिटते. जर्मनींत १९६० सालीं एका डासासारख्या किड्यास हें द्रव्य टोंचलें असतां त्याच्या गुणसूत्रांवर ठराविक जागीं फुगारे आलेले प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसले. जनुकें संप्रेरक घडवितात आणि संप्रेरक पुन्हां जनुकें जागवितें, असा हा रहाट आहे.

रेशमाच्या किड्यांतही हेंच घराणें नांदतें. जपानांत कात न टाकणारा एक वंश जतन केलेला आहे. त्याच्या अळ्या अंड्यांतून निघतात, पण त्यांची कात होत नाहीं व त्या लहानपणींच मरतात. त्यांत बिघडलेलें जनुक चिलटांतील श्राउडच आहे, हें २०१० सालीं जपानी संशोधकांनीं सिद्ध केलें. चिलट आणि रेशमाचा पतंग यांची फारकत कोट्यवधि वर्षांपूर्वींची, तरी कफनाची घडी दोघांच्या पेटींत एकच!

काती किती टाकावयाच्या हेंही वंशपरंपरेनें ठरतें. आपल्याकडील जाती चार कातींच्या. परंतु तीन कातींचे व पांच कातींचेही वंश आहेत, आणि हा गुण मेंडेलच्या नियमांनीं उतरतो. रेशमाच्या किड्यांत ते नियम लागू असल्याचें जपानच्या तोयामा यानें १९०६ सालींच दाखविलें होतें. या कातसंख्येचें जनुक कोणतें याचा पत्ता मात्र २०२१ सालीं लागला. तें शरीराचा पुढला भाग घडविणाऱ्या जनुकांपैकीं एक असून कातीच्या ग्रंथींत कमीअधिक जागें असतें, आणि त्यावरून एका कातीपासून दुसरीपर्यंत किडा किती वाढेल हें ठरतें. आकाराचा हिशेब आणि संप्रेरकाचा हिशेब एकाच वहींत लिहिलेला असतो, असा याचा अर्थ.

आतां कामकरी तयार आहेत, काहील तयार आहे. तरी ग्रंथि रोज संप्रेरक करीत नाहीं. तिजवर तिघांचा ताबा आहे. पहिला मेंदू. त्याच्या हुकमाचें द्रव्य रेशमाच्या किड्यांतूनच मिळवून त्याची घडण १९९० सालीं जपानांत उलगडली. दुसरा ताबा पोटाचा. किडा एका ठराविक वजनास पोंचेपर्यंत उपाशी ठेविला, तर तो कोषाकडे वळतच नाहीं, नुसता अडून राहतो. तें वजन ओलांडल्यावर उपाशी ठेविला, तरी तो कोष करतो, पण लहान. पांचव्या अवस्थेच्या आरंभीं पाला कमी पडला तर तुकडी रेंगाळते व पुढें मागेंपुढें पिकते, आणि शेवटीं कमी पडला तर वेळेवर पिकते पण कोष पातळ येतात, ही ज्याच्या त्याच्या अनुभवाची गोष्ट होय; तिचें कारण हें असें आहे. तिसरा ताबा सर्वांत महत्त्वाचा. मेंदूच्या मागें दोन बारीक ग्रंथि असतात, त्यांतून बालसंप्रेरक निघतें. इंग्लंडचे विगल्सवर्थ यांनीं १९३० नंतरच्या दशकांत त्याचा छडा लावला. तें अंगांत आहे तोंवर कात झाली तरी किडा किडाच राहतो, पतंगाच्या वाटेस लागत नाहीं. पांचव्या अवस्थेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर तें ओसरतें, आणि तें ओसरलें म्हणजे कातीच्या ग्रंथीवरचा लगाम सुटतो. लगाम हा शब्दही अलंकारासाठीं नव्हे. बालसंप्रेरकानें जागें होणारें एक जनुक कातीच्या ग्रंथींतील त्या भुतांच्या जनुकांवर बसून त्यांस दाबून धरतें, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

मामलेदाराचा कागद न आल्यामुळें कारभार कसा ठप्प होतो, याचें उदाहरण अमेरिकेंतील एका थोरल्या रेशीमपतंगाचें आहे. त्याचा कोश हिवाळाभर निजून असतो. विल्यम्स यांनीं १९४६-४७ च्या सुमारास दाखविलें कीं, थंडी खाल्लेला मेंदू त्यांत बसविला तरच ग्रंथि जागी होते. थंडी न लागलेला मेंदू बसवून कांहीं होत नाहीं. आपल्या कपाशींतील गुलाबी बोंडअळी दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या पोकळींत महिनोन्महिने पडून राहते, तीही अशीच वाढ थांबवून. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवणारांनीं तिला आयता वाडा दिला असें समजावें.

एवढें कळल्यावर त्या बाटलीचा अर्थ उघड झाला. पायरीप्रॉक्सीफेन हें विष अशा अर्थानें विषच नाहीं. तें बालसंप्रेरकाची नक्कल करणारें द्रव्य आहे. पांढऱ्या माशीच्या अंड्यांस व पिलांस तें पुढची अवस्था गांठूं देत नाहीं, म्हणून तें कपाशीवर चालतें. तेंच वाऱ्यावर उडून तुतीच्या पानावर बसलें आणि पानाबरोबर किड्याच्या पोटांत गेलें, म्हणजे किड्याच्या शरीरास असें वाटतें कीं, बालपण अजून संपलेलें नाहीं. जो लगाम तिसऱ्या दिवशीं सुटावयाचा तो सुटत नाहीं. भुतांची पंगत काहिलीपाशीं बसलेली, पण चूल पेटत नाहीं. किडा खात राहतो, रेशमाच्या ग्रंथि तुडुंब भरतात, आणि धागा काढण्याचा हुकूम येतच नाहीं. आमच्या बंधूंचा युक्तिवाद येथें फसला होता. औषधानें किडा मेला नाहीं हें खरें, पण त्या औषधाचें काम मारण्याचें नव्हतेंच. त्यासाठीं लागणारी मात्राही इतकी अल्प असते कीं, पानास वास नाहीं, डाग नाहीं. आमची चूक अधिक मोठी होती. तुतीवर वारा वाहतो हें ठाऊक असून पंप आम्हींच भरून दिला.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगणें जरूर आहे. शेजारी फवारणी झाल्यावर पाला चालेल कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं आपण दहा-वीस किड्यांस तो घालतों व दुसऱ्या दिवशीं ते धडधाकट दिसले कीं सर्वांस घालतों. नेहमींच्या कीटकनाशकांस ही परीक्षा ठीक आहे. ह्या जातीच्या औषधांस ती मुळींच लागू नाहीं. दुसऱ्या दिवशीं किडा धडधाकटच दिसणार. परिणाम कळतो तो पुढच्या कातीस किंवा कोषाच्या वेळीं, म्हणजे सगळा पाला चारून झाल्यावर. आम्हींही ती परीक्षा केली होती, आणि किडे तींत उत्तम उतरले होते.

नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, बुप्रोफेझिन हीं औषधें निराळ्या वाटेचीं. त्यांत हुकूम वेळेवर सुटतो, किडा निजतो, पण नवी कातडी ज्या द्रव्याची विणावयाची तें द्रव्यच तयार होत नाहीं. किडा जुन्या कातडींत अडकून किंवा फाटून मरतो. आणखी एका जातीचीं औषधें खुद्द कातीच्या संप्रेरकाची नक्कल करितात. त्यांची क्रिया १९८८ सालीं उघडकीस आली. तीं अवेळीं कात लादतात, आणि अळी खाणें सोडून अर्धवट कातींतच संपते. अळीच्या जातीवर तीं फार प्रखर असतात, आणि रेशमाचा किडा ही अळीच होय हें विसरतां कामा नये. या सर्वांस मिळून कीटकवाढ नियंत्रक असें म्हणतात. बाटली घेतांना दुकानदारास हाच एक प्रश्न विचारावा कीं, हें मारणारें आहे कीं वाढ अडविणारें?

निंबोळीच्या अर्काविषयीं पुष्कळांचा गैरसमज आहे. तो घरचा, म्हणून तो निरुपद्रवी, असें समजून कित्येक जण तुतीवरही मारतात. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत प्रधान यांनीं १९६२ च्या सुमारास निंबोळीचें पाणी शिंपडलेल्या पिकास टोळ तोंड लावीत नाहींत असें दाखविलें. पुढें १९६८ सालीं त्यांतील अझाडिरॅक्टिन हें द्रव्य वेगळें झालें. तें अळीची भूक तर मोडतेंच, शिवाय मेंदूकडून ग्रंथीस जाणारा हुकूम अडवून कातीच्या संप्रेरकाची पातळी खालीं आणतें. बोंडअळीवर जो गुण, तोच तुतीवर अवगुण. कडुनिंब किडा ओळखून काम करीत नाहीं.

उलट दिशेचाही एक उपयोग आहे. कातीचें संप्रेरक किंवा त्याचीं भावंडें कित्येक झाडांतही सांपडतात. जपानांत १९६६ सालीं हें प्रथम उमगलें. आपल्या प्रत्येक बांधावर उगवणारा, मंगळागौरीच्या पत्रींत बसणारा आघाडाही त्यांपैकींच; त्यांत तें असल्याचें आपल्या देशांतील रसायनज्ञांनीं १९७१ च्या सुमारास नोंदविलें. झाडानें हें कां करावें? त्यास कुरतडणाऱ्या अळीची कात बिघडावी म्हणून, असें मानण्यास जागा आहे. रेशीम करणाऱ्यांनीं मात्र या शत्रूस घरीं कामाला ठेविलें आहे. तुकडींतले थोडे किडे पिकूं लागले कीं पाल्यावर असें वनस्पतिज संप्रेरक शिंपडून द्यावें, म्हणजे मागें राहिलेले किडेही एकदम पिकतात, चंद्रिकेवर एकाच दिवशीं चढतात, आणि मजुरी वांचते. "संपूर्ण" या नांवानें असें द्रव्य आपल्या देशांत मिळतें. पण तें आधीं घाई करून दिलें तर किडा भरण्यापूर्वींच कोषास बसतो व कोष हलके उतरतात. आघाडा कुटून स्वतःच पाजण्याचा प्रयोग कोणी करूं नये. झाडांत द्रव्य किती आहे हें ऋतुमानानुसार बदलतें आणि किड्याच्या वजनाचा हिशेब तर तासातासाचा आहे.

आमच्या बांधाचें पुढें काय झालें, हें कांहीं वाचक विचारतील. दिवाळीपर्यंत दोन्हीं घरांत बोलणें नव्हतें. दिवाळींत वडिलधाऱ्यांनीं बसवून समेट केला. बंधूंनीं नुकसान भरून देण्याची गोष्ट काढली, ती आम्हीं घेतली नाहीं, कारण पंप आमचा होता. ठरलें तें इतकेंच. आमची तुकडी कोणत्या तिथीस उतरणार हें आम्हीं अंडीपुंज मागवितांनाच त्यांस सांगावयाचें. तुकडी घरांत असेपर्यंत बांधालगतच्या दहा तासांवर त्यांनीं वाढ अडविणारें औषध मारावयाचें नाहीं, बाकीच्या शेतावर मारावयाचें तर वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत असतां मारावयाचें. आणि मारलेंच तर बाटली आम्हांस दाखवावयाची. आम्हींही बांधाकडच्या तुतीचा पाला पांचव्या अवस्थेंत तोडणें बंद केलें आहे. तो छाटून टाकतों. पंप दोघांचे वेगळे झाले, त्यावर घरच्या बायका अजून हंसतात.

मार्गशीर्षांत शंभर अंडीपुंजांची तुकडी उतरविली. थंडीमुळें किडे थोडे रेंगाळले. पांचव्या अवस्थेच्या नवव्या दिवशीं पहाटे पहिला किडा मान वर करून हालवूं लागला, आणि दुपारपर्यंत चंद्रिका पुरेनात म्हणून दोन चंद्रिका बंधूंच्या घरून आणाव्या लागल्या.